एका पोकळीत दोन अनुस्पंदने

आज ज्या यंत्राविषयी मला आपणांपुढे बोलावयाचे आहे, त्याचे पूर्ण नाव आरंभीच उच्चारले तर आपण रेडिओचा कान पिळून दुसरे स्थानक लावाल, अशी मला साधार भीती वाटते. सबब नाव थोडे मागे ठेवून, त्या कान पिळण्यापासूनच प्रारंभ करतो.

आपण कान पिळता तेव्हा काय घडते? या क्षणी आपल्या खोलीतून शेकडो विद्युत्-चुंबकीय लहरी आरपार जात आहेत. त्या सर्वांपैकी एकीलाच आपले यंत्र दाद देते, कारण त्यातील तारेचे वेटोळे व त्याच्या जोडीचे संधारक यांचा मिळून एक स्वतःचा आंदोलनाचा वेग असतो. बाहेरून येणाऱ्या लहरीचा वेग त्याच्याशी जुळला की अल्पशा प्रेरणेनेही यंत्रातील विजेची आंदोलने मोठी होतात. न जुळला, तर लहर कितीही जोरकस असो, यंत्र थंड राहते. झोपाळ्यावर मूल बसवून योग्य वेळी हलकेच धक्का देणाऱ्या आईस हे तत्त्व पूर्वापार ठाऊक आहे. यासच शास्त्रज्ञ अनुस्पंदन म्हणतात.

आता आश्चर्याची गोष्ट ही, की पाण्याच्या थेंबातील हायड्रोजनच्या प्रत्येक अणूचे केंद्र हाही असाच एक चिमुकला रेडिओ आहे. ते केंद्र, म्हणजे प्रोटॉन, स्वतःभोवती फिरणाऱ्या लोहचुंबकासारखे वागते. त्यास मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवले असता त्याचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे डोलू लागतो. डोलण्याचा वेग चुंबकाच्या जोरावर अवलंबून असतो. १ टेस्ला, म्हणजे १०,००० गॉस, एवढ्या क्षेत्रात तो सेकंदास सुमारे ४ कोटी २६ लक्ष आवर्तने घेतो. क्षेत्र २.३५ टेस्ला केले तर वेग १०० मेगाहर्ट्झ होतो, आणि हा वेग एफ. एम. रेडिओच्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अगदी मधोमध येतो. इस्पितळातील एम. आर. आय.ची खोली तांब्याच्या पत्र्याने किंवा जाळीने मढवितात, ती याचसाठी. तसे न केले तर रुग्णाच्या गुडघ्यातील पाण्याचा क्षीण आवाज ऐकावयास बसलेल्या यंत्रास शहरभरच्या प्रक्षेपणांचा गलबलाच ऐकू यावयाचा.

अणुकेंद्राचे हे अनुस्पंदन द्रव व घन पदार्थांत प्रथम टिपले ते अमेरिकेतील दोन गटांनी, १९४५ च्या अखेरीस व १९४६ च्या आरंभी. एकाचे प्रमुख हार्वर्ड येथील पर्सेल, दुसऱ्याचे स्टॅनफर्ड येथील ब्लॉक. दोघांस १९५२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याआधीच १९४४ साली रशियातील कझान येथे झावोइस्की यांनी इलेक्ट्रॉनाचे असेच अनुस्पंदन शोधून काढले होते. इलेक्ट्रॉन हाही चिमुकला चुंबकच. परंतु प्रोटॉनापेक्षा ६५८ पट बलवान. त्यामुळे त्याच क्षेत्रात तो ६५८ पट वेगाने डोलतो. मात्र एक अट आहे. बहुतेक पदार्थांत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने राहतात व जोडीतील दोघे एकमेकांचे चुंबकत्व फेडून टाकतात. ज्या पदार्थात एखादा इलेक्ट्रॉन एकटा, बिनजोडीचा असेल, तेथेच हे अनुस्पंदन दिसते.

येथवर सारे सुरळीत वाटते. अडचण आहे ती अणुकेंद्राच्या आवाजाच्या क्षीणतेची. चुंबकात ठेवलेल्या प्रोटॉनांपैकी काही क्षेत्राच्या दिशेने तोंड करतात, काही उलट दिशेने. सर्वच एका दिशेस वळले असते तर आवाज मोठा झाला असता. पण उष्णतेची धामधूम त्यांस स्थिर बसू देत नाही. खोलीच्या तापमानास १ टेस्ला क्षेत्रात दहा लाख प्रोटॉन घेतले, तर दोन्ही पक्षांतील फरक निघतो तो अवघा तीन-चारांचा. दहा लाख मतदारांच्या निवडणुकीत तीन मतांनी निवडून आलेल्या उमेदवारासारखी ही स्थिती. जो काही संकेत मिळतो तो या तीन-चारांचाच. बाकीचे परस्परांस खोडून काढतात.

मग करावयाचे काय? रेडिओच्या खरखरीत बुडालेला आवाज ओळखण्याचा एक जुना मार्ग म्हणजे तेच मापन पुनःपुन्हा करून बेरीज घेणे. संकेत दर वेळी त्याच जागी पडतो म्हणून वाढत जातो, खरखर इकडेतिकडे पडते म्हणून हळू वाढते. परंतु हा सौदा महाग आहे. संकेत खरखरीच्या मानाने दहापट स्पष्ट व्हावा अशी इच्छा असेल तर मापने शंभरपट करावी लागतात, व शंभरपट स्पष्ट व्हावा असे वाटत असेल तर दहा हजारपट. याचा व्यवहारी अर्थ असा, की ज्या यंत्राचा संकेत शंभरपट मोठा, ते यंत्र एका दिवसात जे काम करील, त्यास साध्या यंत्रास दहा हजार दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षांहून अधिक काळ लागेल. एखाद्या प्रथिनाची रचना, उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर चिकटलेला रेणूंचा एकच पापुद्रा, विद्युत्-घटातील पात्यावर हळूहळू चढणारी पुटे, यांतील कितीएक प्रश्न केवळ या सत्तावीस वर्षांपायी विचारलेच जात नाहीत.

शेजारीच बलाढ्य इलेक्ट्रॉन बसलेला असता अणुकेंद्राने असे दारिद्र्य का सोसावे, हा प्रश्न १९५३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात काम करणाऱ्या आल्बर्ट ओव्हरहाउझर या सत्तावीस वर्षांच्या तरुणाने विचारला. त्याने गणिताने असे दाखविले, की धातूतील इलेक्ट्रॉनांस त्यांच्या अनुस्पंदनाची लहर जोराने देऊन बेजार केले, तर ते पूर्वस्थितीस येताना आपले बळ शेजारच्या अणुकेंद्रांस देऊन जातील व अणुकेंद्रांचा तो तीन-चारांचा फरक शेकडो पटींनी वाढेल. वॉशिंग्टन येथील सभेत त्याने हे मांडले तेव्हा जाणत्यांपैकी अनेकांस ते पटेना. इलेक्ट्रॉन तापवावेत आणि त्यामुळे अणुकेंद्रे जणू थंड होऊन ओळीने उभी राहावीत, हे उष्णतेच्या शास्त्राविरुद्ध आहे, असे त्यांस वाटले. त्यांचा आक्षेप अगदीच पोरकट होता असे मी म्हणणार नाही. चुलीवर ठेवलेल्या हंड्याशेजारचा माठ गार होतो असे कोणी सांगितले, तर आपणही हसूच.

त्याच विद्यापीठातील कार्व्हर व स्लिक्टर यांनी त्याच वर्षी प्रयोग करून वादाचा निकाल लावला. त्यांनी लिथियम हा धातू घेतला व चुंबकक्षेत्र ठेवले केवळ ३० गॉसच्या आसपास. इतक्या दुबळ्या क्षेत्रात लिथियमच्या केंद्राचा वेग सेकंदास ५० हजार आवर्तने, तर इलेक्ट्रॉनांचा ८४ मेगाहर्ट्झ. इलेक्ट्रॉनांस लहर दिली नव्हती तेव्हा लिथियमचा संकेत खरखरीत पार बुडालेला होता. लहर सुरू करताच तो ठसठशीत वर आला. पुढे तीन वर्षांनी, १९५६ साली, बेल प्रयोगशाळेतील जॉर्ज फेहर यांनी हाच व्यवहार उलट करून दाखविला. त्यांनी सिलिकॉनमध्ये फॉस्फरसचे अणू मिसळून इलेक्ट्रॉनाच्या संकेतावर डोळा ठेवला व वेगळ्या लहरीने अणुकेंद्र हलविले. केंद्र हलताच इलेक्ट्रॉनाचा संकेत बदलला. म्हणजे बलवान शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून दुर्बळाची हालचाल ओळखावयाची. या दोन युक्त्यांतून आमच्या यंत्राचे नाव सिद्ध झाले, ते आता सांगावयास हरकत नाही: इलेक्ट्रॉन व अणुकेंद्र यांच्या चुंबकीय अनुस्पंदनांचा संयुक्त वर्णपटमापक.

या विद्येचा मुंबईशी संबंध जुना आहे. स्टॅनफर्ड येथे ब्लॉक यांच्या प्रयोगशाळेत श्री. एस. एस. धर्मट्टी नावाचे एक भारतीय संशोधक काम करीत होते. १९५१ साली आर्नल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड या तिघांनी मद्यार्काचे, म्हणजे एथिल अल्कोहोलचे, जे वर्णपटचित्र प्रसिद्ध केले ते आज रसायनशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत असते. मद्यार्काच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू आहेत. परंतु तिघांचे बिऱ्हाड एकीकडे, दोघांचे दुसरीकडे व एकटा तिसरीकडे. त्या चित्रात सहाही प्रोटॉनांची एक रेषा न येता तीन रेषा आल्या, त्यांचे प्रमाण तीनास दोनास एक. अणुकेंद्र आपल्या रासायनिक शेजाराची वार्ता सांगते, हे त्या तीन शिखरांनी जगास दाखविले. हेच धर्मट्टी पुढे डॉ. भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले व मुंबईत अणुकेंद्र-अनुस्पंदनाच्या संशोधनाचा पाया त्यांनी घातला. संस्था त्या काळी गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबाच्या वास्तूत होती; कुलाब्याच्या टोकावरील आजच्या इमारतीचे उद्घाटन १९६२ साली झाले. ऐंशीच्या दशकात तेथे ५०० मेगाहर्ट्झचा वर्णपटमापक राष्ट्रीय सोय म्हणून बसला. सूक्ष्मतरंगांचे म्हणाल, तर त्यांचे काम करणारी ‘समीर’ ही मुंबईतील संस्था याच टाटा संस्थेतील कामातून वाढून १९८४ साली स्वतंत्र झाली. अर्थात या दोन विद्यांची घरे आमच्या ऐरोलीपासून फार दूर नाहीत. प्रश्न त्यांस एकाच खोलीत नांदविण्याचा आहे.

आणि ही खोली, श्रोतेहो, केवढी म्हणाल? चहाच्या लहान पेल्याएवढी.

ते कसे, हे मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे कळले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण सातवीस शिकविलेली मुले मोठी होऊन आता मला शिकवितात, हे भाग्य मास्तरकीच्या पेशात मिळते. हा विद्यार्थी एका प्रयोगशाळेत असले यंत्र स्वतः घडवीत आहे. प्रयोगशाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. एका रविवारी तो खाडीपूल ओलांडून घरी आला तो उतरल्या चेहऱ्याने. “गुरुजी, आठ महिने फुकट गेले,” असे म्हणून त्याने खिशातून तांब्याचे एक इवलेसे वेटोळे काढून टेबलावर ठेवले. त्या वेटोळ्याचा अपराध काय तो समजण्यास यंत्राची रचना थोडी पाहिली पाहिजे.

त्याने क्षेत्र निवडले होते ०.३४ टेस्ला. इलेक्ट्रॉनांच्या यंत्रांत ही निवड रूढ आहे, कारण येथे इलेक्ट्रॉनाचा वेग सुमारे ९,५०० मेगाहर्ट्झ होतो, व त्या वेगाच्या सूक्ष्मतरंगांची साधने दुसऱ्या महायुद्धातील रडारच्या निमित्ताने तयार झालेली आहेत. त्याच क्षेत्रात प्रोटॉनाचा वेग साडेचौदा मेगाहर्ट्झ. आता लहरींची लांबी पाहा. पहिली लहर तीन सेंटिमीटरांची, बोटाच्या दोन पेरांत मावेल. दुसरी वीस मीटरांहून लांब, सात मजली इमारतीच्या उंचीची. दोघींस एकाच जागी, एकाच थेंबावर, एकाच वेळी आणावयाचे आहे.

तीन सेंटिमीटरांची लहर तारेतून नेता येत नाही. ती पितळेच्या चौकोनी नळीतून वाहते व एका धातूच्या पोकळीत शिरते. पोकळी म्हणजे सुमारे ४ सेंटिमीटर व्यासाचा व तितक्याच उंचीचा पोकळ दंडगोल, आतून चांदीचा मुलामा दिलेला. त्यात लहर भिंतींवर हजारो वेळा आदळते व अनुस्पंदनाने वाढते. हा सूक्ष्मतरंगांचा झोपाळाच समजा. या पोकळीत लहरीची विद्युत्-क्षेत्राची बाजू व चुंबकक्षेत्राची बाजू वेगवेगळ्या जागी असतात. दंडगोलाच्या मधल्या अक्षावर चुंबकक्षेत्र सर्वांत जोरकस, व विद्युत्-क्षेत्र शून्य. विद्युत्-क्षेत्राच्या रेषा अक्षाभोवती बांगड्यांप्रमाणे गोल फिरतात. म्हणून नमुन्याची बारीक नळी नेमकी अक्षावर ठेवतात. इलेक्ट्रॉनास हवे ते चुंबकक्षेत्र मिळते, आणि पाण्यास तापविणाऱ्या विद्युत्-क्षेत्रापासून नमुना वाचतो. पाण्याचे हे भय खरे आहे. स्वयंपाकघरातील सूक्ष्मतरंगांची भट्टी ज्या गुणाने भाजी तापविते त्याच गुणाने येथे नमुना उकळू लागतो. सबब नळीचे भोक एक मिलिमीटरहून कमी ठेवावे लागते. आता अणुकेंद्राची तक्रार ऐका. त्याचा आवाज आधीच क्षीण, त्यास नमुना जितका मोठा तितके बरे. आणि इलेक्ट्रॉनाच्या सोयीसाठी त्यास काही मायक्रोलिटरांवर भागवावे लागते. दोन जावांचा संसार एका चुलीवर चालविण्यातला हा पहिला तंटा.

दुसरा तंटा वेटोळ्याचा. अणुकेंद्राचा आवाज ऐकावयास नमुन्याभोवती तारेचे वेटोळे हवेच. माझ्या विद्यार्थ्याने पुस्तकी रीतीने नळीभोवती गोल गोल फेरे घालून स्प्रिंगसारखे वेटोळे केले, पोकळीत बसविले, आणि इलेक्ट्रॉनाचा संकेत नाहीसा झाला. पोकळी अनुस्पंदनच करीना.

मी त्या वेटोळ्याकडे पाहून विचारले, “अरे, तुझ्या विजेच्या बांगड्या कोणत्या दिशेने फिरतात म्हणालास?”

तो म्हणाला, “अक्षाभोवती, गोल.” आणि मग तोच थांबला. तारही अक्षाभोवती गोलच फिरत होती. विद्युत्-क्षेत्राच्या रेषेवर त्याच दिशेने धातूची तार ठेवली की क्षेत्र तीत प्रवाह उत्पन्न करते व लहर तेथेच विरते. हे मी कोणत्या विद्वत्तेने विचारले असे आपण समजू नये. वाऱ्याच्या दिशेस पतंगाचा मांजा धरण्याइतकीच ती गोष्ट होती. आठ महिने एखाद्या वस्तूकडे जवळून पाहणारास जे दिसत नाही ते कधीकधी दाराशी उभ्या असलेल्यास दिसते, इतकेच.

तोडगा असा. तारा अक्षास समांतर, उभ्या ठेवावयाच्या, म्हणजे बांगड्यांस त्या काटकोनात छेदतात व क्षेत्र त्यांस जवळजवळ ओळखतच नाही. उभ्या तारा एकमेकींस जोडणाऱ्या ज्या आडव्या कमानी अपरिहार्य आहेत, त्या पोकळीच्या वरच्या व खालच्या झाकणापाशी न्यावयाच्या, कारण तेथे विद्युत्-क्षेत्र शून्यास पोचते. अशा वेटोळ्याचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा होतो. त्याने आणखी एक लाभ साधतो. मोठ्या चुंबकाचे स्थिर क्षेत्र, सूक्ष्मतरंगांचे चुंबकक्षेत्र व प्रोटॉनाच्या लहरीचे चुंबकक्षेत्र ही तिन्ही एकमेकांस काटकोनात यावयास हवीत. स्थिर क्षेत्र पूर्वपश्चिम मानले, तर सूक्ष्मतरंगांचे वरखाली व खोगिराचे दक्षिणोत्तर. खोलीच्या कोपऱ्यात तीन भिंतींच्या कडा मिळाव्यात तसे.

वेटोळे पोकळीच्या बाहेर ठेवण्याचीही एक रीत आहे, आणि तिच्यातील चातुर्य मला विशेष आवडते. धातूच्या भिंतीत लहर किती खोल शिरते हे तिच्या वेगावर अवलंबून असते. ९,५०० मेगाहर्ट्झची लहर तांब्यात एका मायक्रॉनाहूनही कमी शिरते. साडेचौदा मेगाहर्ट्झची सुमारे सतरा मायक्रॉन. म्हणजे पाच मायक्रॉनाचा मुलामा सूक्ष्मतरंगांस दगडी भिंत वाटतो, पण सावकाश लहरीच्या मानाने तो तिच्या शिरकावाच्या खोलीहून पातळच. यावरून कोणी घाईने म्हणेल की पातळ मुलामा दिला की काम झाले. तसे होत नाही. मुलामा पातळ असला तरी त्यात मोठमोठ्या भोवऱ्यांसारखे प्रवाह उत्पन्न होतात व ते मिळून बाहेरच्या वेटोळ्याचे क्षेत्र परतवून लावतात. त्या भोवऱ्यांची वाट अडवावी म्हणून भिंतीस आडव्या चिरा पाडतात. चिरा आडव्याच का? या पोकळीत सूक्ष्मतरंगांचे स्वतःचे प्रवाह भिंतीवर आडवेच फिरतात, त्यामुळे आडव्या चिरेने ते तुटत नाहीत. परंतु खोगिरामुळे उठणारे उभे प्रवाह तुटतात. एकाच चिरेने एकास वाट, दुसऱ्यास अडसर. कारागिराने डोळे मिटून रेषांची दिशा मनात पाहिल्याविना हे सुचणे नाही.

तिसरा तंटा चुंबकाचा. इलेक्ट्रॉनाची रेषा जाड असते. ३,४०० गॉसांत एखाद-दुसऱ्या गॉसाची जाडी असली तरी तो तक्रार करीत नाही. प्रोटॉन मोठा सोवळा. पाण्यातील त्याची रेषा साडेचौदा मेगाहर्ट्झांत एका हर्ट्झाएवढी बारीक असू शकते. म्हणजे नमुन्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्षेत्रात दीड कोटीत एका भागाचाही फरक खपत नाही. यासाठी चुंबकाच्या ध्रुवांवर दुरुस्तीची चपटी वेटोळी बसवून त्यांतील प्रवाह हाताने कमीजास्त करीत क्षेत्र सपाट करावे लागते. बाहेरून लिफ्ट गेली, रस्त्यावरून मालमोटार गेली, तरी रेषा हलते. असल्या चुंबकीय सोवळ्याचा अनुभव मुंबईस नवा नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापने होत असत. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरताच ती मापने बिघडतील म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागेस हलविली गेली. ट्राम गेल्या, अलिबागेची वेधशाळा आहे.

ही सारी जुळणी झाली तरी नेमकी लहर शोधण्याचे काम उरतेच. येथे ६५८ ही संख्या कामास येते. प्रथम डी. पी. पी. एच. नावाच्या काळ्या-जांभळ्या भुकटीचा कण पोकळीत ठेवून इलेक्ट्रॉनाची रेषा शोधतात. ही भुकटी बिनजोडीच्या इलेक्ट्रॉनांनी भरलेली, त्यामुळे तिचा संकेत सहज मिळतो. त्या वेगास ६५८ ने भागिले की प्रोटॉनाची रेषा कोठे सापडेल ते आधीच कळते. सातवीच्या भागाकाराचा असा उपयोग झालेला पाहून मला जो आनंद झाला तो सांगत नाही.

आपण विचाराल, एवढ्या खटपटीपेक्षा यंत्र विकत का घेऊ नये? तयार यंत्रे मिळतात, व उत्तम मिळतात. आजची मोठी यंत्रे ९.४ टेस्ला क्षेत्रात चालतात; तेथे प्रोटॉनाचा वेग ४०० मेगाहर्ट्झ व इलेक्ट्रॉनाचा २६३ गिगाहर्ट्झ. त्या लहरीची लांबी एका मिलिमीटराहून किंचित अधिक. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास सुमारे पाच मिलिमीटरांच्या लहरी उत्पन्न केल्या होत्या, त्याहूनही ही आखूड. असल्या लहरी पुरेशा जोराने देणारे साधन वर्णपटविज्ञानास फार दिवस नव्हते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रज्ञान संस्थेत ग्रिफिन, टेम्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली गायरोट्रॉन ही नळी या कामास जुंपली, तेव्हापासून प्रथिनांच्या अभ्यासास गती आली. नमुना तेथे शून्याखाली पावणेदोनशे अंशांच्या आसपास थंड ठेवून गरगर फिरवितात. २००३ साली आर्डेनकेअर-लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून फार खाली नेलेला नमुना एकदम विरघळवून कार्बनच्या संकेतात दहा हजारपटीहून अधिक वाढ दाखविली, व त्या युक्तीने कर्करोगाच्या गाठीत पायरुव्हेटाचे काय होते ते रुग्णाच्या देहात पाहता आले. त्या पहिल्या चाचणीचा वृत्तान्त २०१३ साली प्रसिद्ध झाला. हे सर्व थोर आहे. परंतु मोहोर लावलेल्या पेटीत जे यंत्र येते, त्याचे वेटोळे कोठे चुकले हे विचारण्याची सोय राहत नाही. आणि मला असे वाटते, की धर्मट्टींच्या हाती पेटी आली असती तर मद्यार्काच्या तीन रेषा त्यांच्या वाट्यास येत्या की नाही याचा संशयच आहे. माझे हे मत एकांगी असेल. मास्तर माणूस स्वतः गणित सोडविल्याविना उत्तर मानीत नाही.

माझा विद्यार्थी त्या रविवारी जेवून गेला. खोगीर घडविण्यात तीन महिने गेले, आडव्या चिरांत आणखी दोन. त्यानंतर त्याने नळीत पाणी भरले व त्यात बिनजोडीच्या इलेक्ट्रॉनाचे एक रसायन चिमूटभर घातले. अशा द्रावणाविषयी एक चमत्कारिक गोष्ट सांगावयाची राहिली. द्रवात इलेक्ट्रॉन व पाण्याचा प्रोटॉन यांचे देणेघेणे अशा प्रकारे चालते, की इलेक्ट्रॉनास बेजार केले असता प्रोटॉनांचे बहुमत उलट पक्षास जाते. त्यामुळे वाढलेली रेषा वर न जाता खाली जाते. हीच तिची खूण. खरखर असो, विजेची गळती असो, वा तापलेल्या नळीचा दोष असो, एवढी मोठी रेषा खाली उलटविणे त्यांस सहसा साधत नाही.

एका रात्री साडेअकरास त्याचा दूरध्वनी आला. सूक्ष्मतरंग बंद ठेवले तेव्हा पडद्यावर, पुष्कळ बेरजेनंतर, तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा होता. मग त्याने सूक्ष्मतरंग सुरू केले.

“किती पट?” मी विचारले.

“चाळीसच्या आसपास, गुरुजी. पण ते असू द्या,” तो म्हणाला. “रेषा खाली गेली.”